माळावरची काळी आणि तिचा वाफसा

मे महिना संपत आलेला असताना सोलापूर, बीडकडच्या एखाद्या गायरानात, जिथे काळी माती हात-दोन हात खोल आहे तिथे, बाटलीभर पाणी घेऊन जा. जमीन सगळी उललेली असते. भेगा बोटभर रुंद, कुठे चांगल्या चार बोटं रुंद, आणि इतक्या खोल की आत सोडलेली काडी दिसेनाशी होते. (हात मात्र घालू नका, उन्हाळ्यात त्या भेगांत विंचू असतात.) बाटली एका भेगेच्या तोंडाशी उपडी करा. पाणी काठसुद्धा नीट न भिजवता आत निघून जातं. आता तीच बाटली घेऊन जुलैच्या शेवटी त्याच जागी या. भेग गायब झालेली असते, चपलेला शेरभर चिखल चिकटतो आणि ओतलेलं पाणी तिथल्या तिथे तळं करून बसतं.

जमीन एकच, पण दोन महिन्यांत ती पाण्याशी अगदी उलट वागायला लागते. गायरान, कुरण, माळ यांबद्दल बोलताना आपण पाऊस किती पडला एवढंच विचारतो. या मातीपुरता तो प्रश्न अपुरा आहे. पाऊस पडला तेव्हा माती कोणत्या अवस्थेत होती, हे जास्त महत्त्वाचं.

याचं मूळ मातीच्या कणात आहे. दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनला. तो झिजून जी माती झाली तिच्यात चिकणकणांचं प्रमाण बहुधा ४० ते ६० टक्के असतं. चिकणकण म्हणजे ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक कण. आपल्याकडे त्यांत मुख्य खनिज आहे स्मेक्टाइट. त्याची रचना पापडांच्या चळतीसारखी असते. पापडांच्या मध्ये पाणी शिरलं की चळत उंचावते, पाणी गेलं की दबते. असे अब्जावधी कण एकदम फुगले की जमीन फुगते, आकसले की उलते. एक ग्रॅम शुद्ध स्मेक्टाइटचे सगळे थर उलगडून पसरले तर त्यांचा पृष्ठभाग ७०० ते ८०० चौरस मीटर भरतो, म्हणजे पाच-सहा कबड्डीची मैदानं. चिमूटभर मातीत एवढी जागा पाण्याला चिकटून बसायला.

आणि पाणी खरंच चिकटून बसतं. काळी माती पाणी धरते, हे आपण शाळेपासून ऐकतो. ते खरंही आहे. मीटरभर खोल काळ्या जमिनीत पिकाला मिळू शकेल असा ओलावा २०० मिलिमीटरच्या आसपास साठू शकतो, म्हणूनच शाळू केवळ जमिनीतल्या ओलीवर येतो. पण ‘धरते’ या शब्दाची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही. चिकणकणांना बिलगलेलं पाणी मुळांना ओढून काढता येत नाही. वाळूमिश्रित मातीत ओलावा अगदी पाच-सात टक्क्यांवर येईपर्यंत गवत तग धरतं. भारी काळ्या मातीत २५ टक्के ओलावा शिल्लक असतानाही गवत सुकू शकतं. ढेकूळ हातात घेतलं तर गार लागतं, आत पाणी आहे हे कळतं, आणि त्याच ढेकळातलं रोप मान टाकून असतं.

कमी पावसाच्या भागात याचा परिणाम मोठा होतो. समजा, कोरड्या जमिनीवर २० मिलिमीटरची एक सर आली. ढोबळ हिशेबाने, रेताड जमिनीत ती वीतभर खोल जाईल. काळ्या मातीत, भेगा सोडल्या तर, ती वरची चार बोटं भिजवून थांबेल. पुढचे आठ दिवस ऊन-वारा लागला की ती चार बोटं वाळून कोरडी. म्हणजे छोट्या सरी काळ्या माळावर जवळजवळ वायाच जातात. इस्रायली शास्त्रज्ञ इमॅन्युएल नॉय-मेअर यांनी १९७३ साली हे सूत्रच मांडलं: ओल्या प्रदेशात भारी जमीन सरस, पण पाऊस पुरेसा कमी झाला की हलकी जमीन जास्त हिरवी राहते. आपला पर्जन्यछायेतला पट्टा, ५०० ते ७५० मिलिमीटरचा, या दोन टोकांच्या मधला आहे. चांगल्या साली काळी जिंकते, वाईट साली मुरमाड माळ आधी हिरवा दिसतो.

मग काळ्या माळावर खोलवर पाणी पोचतं कसं? भेगांतून. उललेल्या जमिनीवर पहिला वळीव दणकून आला तर पाणी वरचा थर ओलांडून थेट खाली उतरतं आणि तळापासून भिजवत वर येतं. पुढे माती फुगते, भेगा मिटतात, आणि मग तासाला दोन-चार मिलिमीटरदेखील मुरणं अवघड होतं. त्यानंतरचा जोराचा पाऊस उताराने ओढ्याला जातो, जाताना माती घेऊन जातो. भेगांना आपण दुष्काळाची खूण समजतो, वर्तमानपत्रांत त्यांचेच फोटो येतात. मला मात्र जूनच्या तोंडावर भेगाळलेला माळ बघून बरं वाटतं.

या उलण्या-फुगण्यात माती स्वतःलाच ढवळते. वरची भुरभुर भेगांत पडते, पावसाळ्यात खालचा थर फुगला की त्याला पसरायला जागा नसते, मग तो बाजूला आणि वर रेटा देतो. खड्डा घेतला तर दोन-तीन फुटांखाली तिरके, तेल लावल्यासारखे चकचकीत पृष्ठभाग दिसतात. मातीचे थर एकमेकांवर घासून ते तसे झालेले असतात. शास्त्रज्ञ अशा जमिनींना व्हर्टिसॉल म्हणतात, लॅटिनमधल्या ‘वळणे, उलटणे’ या अर्थाच्या शब्दावरून. याच रेट्याने कुंपणाचे खांब कलतात, घराच्या भिंतींना कर्णरेषेत तडे जातात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खालच्या टोकाला फुगीर बल्ब असलेले पायाचे खांब याच मातीसाठी विकसित केले, फुगवटा पोचत नाही अशा खोलीवर पाय रोवता यावा म्हणून.

झाडांनाही हा रेटा सोसावा लागतो. भेग रुंदावताना कोवळी मुळं ताणून तुटतात. बाभूळ, हिवर, बोर निभावून नेतात, इतर पुष्कळ झाडं रोपावस्थेतच जातात. गवताचं तसं नाही. त्याच्या मुळांचं जाळं बारीक आणि दाट, शंभर तुटली तरी हजार उरतात. भारी मातीतला मारवेल किंवा शेतकऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा वैरी कुंदा बघा. कुंद्याची खोडं जमिनीत इतकी खोल गेलेली असतात की नांगराला दाद देत नाहीत. शेतात तो शाप आहे, पण या मातीत टिकायचं कसं हे त्याच्याइतकं कुणाला जमलेलं नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या भेगाळणाऱ्या मातीवरही असंच आहे. मैलोन्‌मैल मिचेल गवत, झाड क्वचित. तिथे प्लॅनिगेल नावाचा उंदराएवढा, पोटाला पिशवी असलेला प्राणी राहतो. त्याचं डोकं इतकं चपटं असतं की तो या भेगांत सहज शिरतो. म्हणून गवताळ माळावर सरसकट खड्डे घेऊन झाडं लावण्याचा उत्साह मला पटत नाही. झाडं जगली नाहीत तर मोडलेलं गवत मात्र परत यायला वर्षं लागतात.

आता चराईकडे. शेतकरी म्हणतो, वाफसा आल्याशिवाय औत घालू नये. जमीन ना चिखल ना कोरडी, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि टिचकीने फुटतो, तो वाफसा. शेताला लावलेला हा नियम आपण गायरानाला कधी लावत नाही. कोरड्या, उललेल्या जमिनीवर गुरं फिरली तर वरची माती भुरभुरीत होते, थोडी भेगांत पडते, फार बिघडत नाही. ओल्या चिखलात तीच गुरं फिरली की खुराखाली मातीची रवाळ घडण चेपून लगदा होतो. वाळव्यांनी, भुंगेऱ्यांनी, मुळांनी केलेल्या ज्या बारीक वाटांतून फुगलेल्या मातीतही थोडं पाणी मुरत होतं, त्या बंद होतात. तो लगदा वाळला की खापरी बनतो. गवताचं बी त्यातून वर येत नाही. नुकसान खुरांच्या संख्येवर ठरतं त्याहून जास्त त्या दिवशीच्या ओलीवर ठरतं.

हिवरे बाजारने मोकाट चराई बंद करून गवत कापून न्यायची पद्धत धरली, तिचा फायदा चाऱ्याच्या हिशेबात सांगितला जातो. पण मातीच्या बाजूनेही ती योग्य आहे, कारण भर पावसात जमीन तुडवली जात नाही. सगळ्या गावांना पूर्ण बंदी परवडणार नाही, शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्यांना तर नाहीच. निदान भारी मातीचा पट्टा जुलै ते सप्टेंबर मोकळा ठेवावा आणि तेवढे दिवस कळप मुरमाड चढावर न्यावा. मुरमाला ओलीचं भय कमी. अनुभवी धनगराला हे सांगावं लागत नाही, तो स्वतःच चिखल टाळून वरच्या अंगाने मेंढरं नेतो.

एक दोष मात्र चराई सांभाळूनही जात नाही. कोरड्या हवामानात जमिनीतला कॅल्शियम चुनखडीच्या खड्यांच्या रूपाने बाहेर पडत राहतो आणि चिकणकणांवर त्याची जागा सोडियम घेतो, विशेषतः खालच्या थरांत. सोडियम वाढला की कण एकमेकांना सोडून सुटे होतात, छिद्रं बुजतात, जमीन चोपण होऊ लागते. वरून काळी, सुपीक दिसते, आतून पाणी घेत नाही.

हे घरी तपासता येतं. गायरानातून वाटाण्याएवढी वाळलेली ढेकळं आणा, एक वरचं, एक फूट-दीड फूट खालचं. काचेच्या दोन पेल्यांत पावसाचं किंवा गाळलेलं शुद्ध पाणी घ्या, बोअरचं नको, त्यातले क्षार निकाल बदलतात. ढेकूळ अलगद सोडा, ढवळू नका. ते विरघळल्यासारखं ढासळलं पण पाणी नितळ राहिलं, तर मातीत सेंद्रिय भाग कमी आहे, गवत वाढू दिलं तर सुधारेल. (काळा रंग बघून फसू नका, या मातीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्या आतच असतो.) ढेकळाभोवती दुधासारखं वलय पसरलं, तर सोडियमचा त्रास आहे. पहिल्या दहा मिनिटांत एक नजर टाका, मग दोन तासांनी पुन्हा. माझ्याकडच्या पेल्यांत वरचं ढेकूळ ढासळूनही पाणी नितळ होतं, खालच्याभोवती पांढुरकं वलय सकाळपर्यंत पेलाभर झालं होतं.