गुडघ्याची गादी मुळापासून सुटते तेव्हा

सोलापुरात विडी वळणाऱ्या बाया मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास जमिनीवर बसतात. अशाच एखादीला उठताना गुडघ्याच्या मागे 'कट्' असा आवाज येतो, जोराची कळ येते आणि त्या दिवसापासून जिना चढवत नाही. घरचे म्हणतात, वय झालं, सांधा घासला. एक्स-रे काढला तर तो पुष्कळदा ठीकच येतो, कारण गादी एक्स-रेत दिसतच नाही.

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये कूर्चेच्या दोन चंद्रकोरी असतात. हीच गुडघ्याची गादी, तिला मेनिस्कस म्हणतात. प्रत्येकीची दोन्ही टोकं नडगीच्या हाडात रुजलेली असतात. वजन पडलं की गादी बाहेर सरकू पाहते, ही मुळं तिला धरून ठेवतात. बैलगाडीच्या चाकाची धाव एका जागी तुटली तरी सगळी सैल होते, तसंच इथे घडतं. मागचं मूळ सुटलं की हाडांवरचा दाब गादी पूर्ण काढून टाकल्याइतका वाढतो. मग सांधा खरोखरच झपाट्याने झिजतो. पूर्ण वाकलेल्या गुडघ्यात या मुळावर फार ताण येतो.

म्हणून 'एमआरआयमध्ये गादी फाटलीय' एवढ्यावर थांबू नका, कुठे फाटलीय ते विचारा. गादीच्या बाहेरच्या कडेलाच रक्तपुरवठा असतो, त्यामुळे कबड्डीत पाय मुरगळलेल्या पोराची कडेची फाट टाक्यांनी सांधू शकते. फाटलेला तुकडा मध्ये अडकून गुडघा सरळच होत नसेल, तर उशीर करू नये. उलट वयानुसार विरलेली गादी कातरून फारसं साधत नाही. फिनलंडमधल्या 2013च्या अभ्यासात खरी आणि लुटुपुटीची (गादी न कातरता केलेली) शस्त्रक्रिया झालेल्यांत वर्षभरानंतर फरक दिसला नाही.

सुटलेलं मूळ मात्र, सांधा फार झिजला नसेल तर, पुन्हा बसवता येतं. दोन बारीक छेदांतून दुर्बीण आणि अवजारं आत जातात. मुळातून मजबूत धागे ओवतात, नडगीच्या हाडात आरपार भोक पाडून ते खाली ओढतात आणि हाडाच्या पुढच्या बाजूला छोट्या बटणावर बांधतात.

खरी कसोटी पुढे आहे. साधारण सहा आठवडे कुबड्या, आणि खाली मांडी घालून बसणं कित्येक महिने बंद. हजार विड्यांवर मजुरी ठरते तिथे हे फार जड जातं. त्यामुळे खुर्ची-टेबलावर सूप ठेवून काम जमेल का, हे डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख देण्याआधीच घरच्यांसोबत बसून ठरवायला हवं.