वायूंचे निःसरण आणि विसरण

वायू बारीक छिद्रातून निर्वात किंवा कमी दाबाच्या जागेत निसटतो, त्या क्रियेला निःसरण म्हणतात. एक वायू दुसऱ्यात आपोआप मिसळत पसरतो, ते विसरण. दोन्हींत हलका वायू पुढे राहतो. तापमान व दाब सारखे असताना निःसरणाचा वेग रेणुभाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो, हा ग्रॅहम यांचा नियम. हायड्रोजनचा रेणुभार २ आणि ऑक्सिजनचा ३२ असल्याने हायड्रोजन चौपट वेगाने निसटतो. हे गणित शालेय पुस्तकांत सर्वत्र आहे, म्हणून येथे वाढवलेले नाही.

नियमाचा काळ व आशय : टॉमस ग्रॅहम (१८०५–६९) या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाच्या नावावर असलेल्या या नियमाचे साल संदर्भग्रंथांत १८२९, १८३१, १८३३ आणि १८४६ असे वेगवेगळे आढळते. हा केवळ नोंदींतील घोळ नाही. ग्रॅहम यांनी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या घटना मोजल्या आणि उत्तर प्रत्येक वेळी वर्गमुळाचेच आले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ योहान डोबेरायनर यांना १८२३ च्या सुमारास पाण्यावर उपड्या ठेवलेल्या, तडा गेलेल्या काचपात्रातला हायड्रोजन निसटताना दिसला होता. आतले पाणी बाहेरच्या पातळीच्या वर चढले होते. म्हणजे जितका हायड्रोजन बाहेर गेला, तितकी हवा आत आली नव्हती. ग्रॅहम यांनी तड्याच्या जागी प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे बूच बसवले आणि नळी वरखाली करून आतबाहेरचा दाब सारखा राखला. हायड्रोजनच्या एका भागाच्या जागी जेवढी हवा आली, त्यावरून त्यांना ३.८३ हे गुणोत्तर मिळाले. घनतांच्या वर्गमुळावरून ते सुमारे ३.७९ येते. हा निबंध १८३१ मध्ये एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला व १८३३ मध्ये छापला गेला. पातळ धातुपत्र्याच्या छिद्रातून निर्वातात जाणाऱ्या वायूचे, म्हणजे निःसरणाचे, प्रयोग १८४६ चे आहेत.

पुढच्या पाठ्यपुस्तकांनी ही दोन्ही कामे एकाच सूत्राखाली घातली आणि रेणूंच्या वेगाचे स्पष्टीकरण दोन्हींना लावले. ते फक्त निःसरणाला लागू पडते. बुचातल्या प्रयोगाचे कारण निराळे आहे. दाब दोन्हीकडे सारखा असेल, तर विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन वायूंनी बुचाच्या भिंतींना दिलेला एकूण संवेग शून्य असला पाहिजे. प्रत्येक वायूचा वाटा त्याचा प्रवाह गुणिले रेणुभाराचे वर्गमूळ एवढा असतो. वाटे समसमान व्हायचे, तर प्रवाह वर्गमुळांच्या व्यस्त प्रमाणातच हवेत. हा निष्कर्ष बराच काळ विस्मृतीत गेला होता. हूगशाखेन यांना १९५३ मध्ये तो प्रयोगांत पुन्हा सापडला आणि १९६७ मध्ये मेसन व क्रॉनस्टाट यांनी ग्रॅहम यांचे दोन नियम वेगळे मांडले. प्रस्तुत नोंदीत हीच मांडणी अधिक ग्राह्य मानली आहे.

१८४६ च्या प्रयोगांबद्दलही एक शंका रास्त वाटते. खरे निःसरण घडायला छिद्र रेणूच्या सरासरी मुक्त पथाहून, म्हणजे दोन टकरींमधल्या अंतराहून, लहान लागते. साध्या दाबाला हवेत हे अंतर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी असते. सुईने पाडलेले छिद्र त्यामानाने फारच मोठे. अशा छिद्रातून वायू झोताने वाहतो. झोताचा वेगही घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो, पण त्याचे कारण द्रवांना लागू असलेला टॉरिचेल्ली यांचा नियम हे आहे. रेणू सुटेसुटे बाहेर पडतात असे निःसरण काटेकोरपणे मोजले गेले ते मार्टिन क्नूडसेन यांच्या १९०९ च्या सुमाराच्या कामात.

विसरणाची गती : २५ अंश सेल्सिअसला अमोनियाच्या रेणूचा वेग सेकंदाला सुमारे ६६० मीटर असतो. मग स्वयंपाकघरातल्या फोडणीचा वास माजघरात पोचायला वेळ का लागतो? याच धर्तीचा आक्षेप बाइस बॅलट यांनी १८५८ मध्ये घेतला होता. क्लाउसियस यांनी त्याच वर्षी उत्तर दिले : रेणू टकरा खात, दिशा बदलत जातो. सरासरी मुक्त पथाची कल्पना त्या उत्तरातून आली. शुद्ध विसरणात अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट लागतो. विसरणगुणांक, म्हणजे वायू किती जलद पसरतो याचे माप, दाबाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने तेथे हवेचा दाब कमी असतो आणि त्याच तापमानाला वायू मुंबईपेक्षा सहा-सात टक्के जलद पसरतात. ऋतूचा फरक याहून मोठा आहे : हिवाळ्यातल्या १० अंशांच्या पहाटेपेक्षा मे महिन्यातल्या ४० अंशांच्या दुपारी विसरण सुमारे एकपंचमांशाने वाढते. वायूंच्या वेगांचे आपसातले गुणोत्तर मात्र यामुळे फारसे हलत नाही.

नळीतले कडे : आडव्या काचनळीच्या एका टोकाला अमोनियाच्या द्रावणात आणि दुसऱ्या टोकाला तीव्र हायड्रोक्लोरिक अम्लात भिजवलेला कापसाचा बोळा ठेवून दोन्ही बुचे एकाच क्षणी लावायची, मागे काळा कागद धरायचा. काही मिनिटे काहीच दिसत नाही. मग अम्लाच्या बाजूला जवळ धुरासारखी एक पुसट रेघ उमटते, दाट होत जाते आणि काचेवर नवसागराचे, म्हणजे दोन वायूंच्या संयोगाने बनलेल्या अमोनियम क्लोराइडचे, पांढरे कडे बसते. मीटरभर नळीत ते अमोनियाच्या टोकापासून ५९ सेंटिमीटरवर यावे असे ग्रॅहम-सूत्र सांगते (गुणोत्तर १.४६). प्रत्यक्षात कडे मध्याच्या बरेच जवळ पडते. विद्यार्थी तो आपला दोष समजतात आणि वहीत आकडा दुरुस्त करतात. तसे करू नये. हे निःसरण नव्हे, हवेतले विसरण आहे. येथे हवेच्या रेणुभाराशी जोडून काढलेले क्षीणित वस्तुमान (दोन रेणुभारांचा गुणाकार भागिले त्यांची बेरीज) धरावे लागते, आणि त्यावरून दोघांच्या विसरणगुणांकांचे गुणोत्तर जेमतेम १.२३ येते. मोजलेला आकडा खरा असतो; सूत्र चुकीच्या जागी लावलेले असते.

द्राक्षाची पेटी व शीतगृह : निफाड, दिंडोरी भागांतून निर्यात होणाऱ्या द्राक्षांच्या पेटीत सोडियम मेटाबायसल्फाइटचा कागदी पॅड घालतात. घडांच्या ओलाव्याने त्यातून सल्फर डायऑक्साइड (रेणुभार ६४) सुटतो आणि करड्या बुरशीची वाढ रोखतो. प्लॅस्टिक अस्तराच्या छिद्रांतून तो बाहेर जातो ते विसरणाने. छिद्रे मिलिमीटरच्या मापाची असल्याने निःसरणाचे सूत्र तेथे लागू नाही. जड असल्याने वायू तळाशी साचून राहतो हा समजही बरोबर नाही, कारण एकदा मिसळलेला वायू आपोआप वेगळा होत नाही. अमोनियावर चालणाऱ्या शीतगृहांत गळती शोधायला पेटलेली गंधकाची वात नळांच्या सांध्यांजवळ फिरवतात. जेथे पांढरा धूर उठतो, तेथे गळती. फुटलेल्या नळातला अमोनिया छताकडे जातो तो मुख्यतः हवेपेक्षा हलका असल्याने मिळणाऱ्या उत्प्लावनाने. विसरण एवढे झपाट्याने होत नाही.

वायू वेगळे करणे : सच्छिद्र नळीतून मिश्रण पाठवून घटक अंशतः वेगळे करण्याची रीत ग्रॅहम यांचीच. रॅले व रॅम्झी यांनी आर्गॉनच्या शोधात (१८९५) त्यासाठी पांढऱ्या मातीच्या तंबाखू ओढायच्या नळ्या वापरल्या. युरेनियम हेक्झाफ्लोराइडच्या दोन प्रकारांचे रेणुभार ३४९ व ३५२ असल्याने एका टप्प्यात वेगांचे गुणोत्तर १.००४३ एवढेच मिळते. म्हणून अमेरिकेतल्या ओक रिज येथील के-२५ या युरेनियम समृद्ध करणाऱ्या कारखान्यात हजारो टप्पे एकापुढे एक जोडावे लागले.