एम्बेडेड पॅकेजांतील वापरकर्ता खाती व गट

राउटर, वीजमीटर, कारखान्यातील नियंत्रक अशा उपकरणांसाठी एम्बेडेड लिनक्सची (उपकरणाच्या आत चालणाऱ्या लिनक्सची) बांधणी होत असतानाच त्यातील सेवांसाठी स्वतंत्र खाती व गट तयार करण्याची पद्धत. ही खाती बहुधा माणसांसाठी नसतात. संदेशवहन करणारी मॉस्किटो ही सेवा रूट या सर्वाधिकारी खात्याऐवजी स्वतःच्या खात्याखाली चालली, तर तिच्यात कोणी शिरकाव केला तरी त्याचा हात तिच्या फायलींपुरताच पोहोचतो. नेहमीच्या संगणकावर पॅकेज (सॉफ्टवेअरचा गठ्ठा) बसवताना चालू यंत्रावरच खाते उघडले जाते; इथे मात्र ते यंत्र अजून अस्तित्वातच नसते, आणि त्याची फाइल सिस्टीम दुसऱ्याच संगणकावर, रूटचे अधिकार नसलेला विकसक तयार करत असतो.

एम्बेडेड लिनक्स बांधण्याच्या योक्टो प्रकल्पात यासाठी रेसिपीमध्ये (पॅकेज कसे बांधायचे ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) 'युजरअ‍ॅड' हा क्लास (तयार सूचनांचा संच) इनहेरिट करतात, म्हणजे वापरात घेतात, खाते कोणत्या पॅकेजाबरोबर जायचे ते 'युजरअ‍ॅड पॅकेजेस' या चलात सांगतात आणि खात्याचा तपशील लिनक्सच्या युजरअ‍ॅड आदेशाच्याच पर्यायांत लिहितात. अनेक खाती असल्यास ती अर्धविरामाने वेगळी करतात. हे काम दोनदा होते: आधी रेसिपीच्या सिसरूटमध्ये (बांधणीपुरत्या तात्पुरत्या फाइल सिस्टीममध्ये), जेणेकरून फायली मांडताना मालक म्हणून दिलेले नाव ओळखले जाते, आणि पुन्हा इमेज, म्हणजे उपकरणावर चढवायची संपूर्ण फाइल सिस्टीम, तयार होताना, पॅकेज उलगडण्यापूर्वी. रूट असल्याचा आभास 'स्यूडो' हे साधन निर्माण करते व कोणती फाइल कोणाची याची नोंद स्वतःकडे ठेवते. बांधणी करणाऱ्याचा स्वतःचा खातेक्रमांक चुकून फायलींना चिकटला, तर गुणवत्ता तपासणी तसा इशारा देते.

खरी अडचण नावाची नसून आकड्याची आहे. फाइल सिस्टीम मालकाचे नाव साठवत नाही, फक्त क्रमांक साठवते. प्रणाली-खात्यांना क्रमांक सहसा ९९९ पासून उतरत्या क्रमाने मिळतात, त्यामुळे पहिल्या आवृत्तीत मॉस्किटोला ९९९ मिळाला आणि पुढच्या आवृत्तीत एखादे नवे पॅकेज तिच्या आधी बसले, की तोच ९९९ नव्या सेवेकडे जातो व मॉस्किटो ९९८ वर सरकते. अद्ययावतीकरणात मूळ फाइल सिस्टीम बदलते, पण डेटा साठवणारा वेगळा भाग (पार्टिशन) जसाच्या तसा राहतो. मग यादी काढली की मॉस्किटोच्या जुन्या फायलींपुढे भलत्याच सेवेचे नाव दिसते, आणि मॉस्किटोला स्वतःचीच माहिती उघडता येत नाही. विकसकाच्या टेबलावर दर वेळी कोरी इमेज चढवली जात असल्याने हा दोष तिथे दिसतच नाही.

यावर उपाय म्हणजे 'युजरअ‍ॅड-स्टॅटिकआयडीज' हा जोडक्लास. लिनक्समधील खाती व गटांची यादी ठेवणाऱ्या पासवर्ड व ग्रुप फायलींच्या धर्तीवरील तक्त्यांत प्रत्येक नावाला कायमचा क्रमांक नेमून देता येतो, आणि नेमणूक नसलेले खाते आढळल्यास बांधणी अडवण्याचीही सोय आहे. ती पहिल्या आवृत्तीपासूनच चालू ठेवावी. उपकरणे बाजारात गेल्यावर क्रमांक बदलायचे, तर प्रत्येक उपकरणावर मालकी दुरुस्त करणारी स्क्रिप्ट चालवावी लागते. काढून टाकलेल्या सेवेचा क्रमांकही दुसऱ्या कोणाला देऊ नये.

बिल्डरूट या योक्टोसारख्याच दुसऱ्या बांधणी-साधनात प्रत्येक खाते एका ओळीत मावते: नाव, क्रमांक, गट, पासवर्ड, घर (खात्याची स्वतःची डिरेक्टरी), शेल (आदेश घेणारा प्रोग्रॅम) इत्यादी. क्रमांकाच्या जागी उणे १ लिहिल्यास १०० ते ९९९ मधील, तर उणे २ लिहिल्यास १००० ते १९९९ मधील क्रमांक आपोआप निवडला जातो.

माणसांनी लॉगिन करायची खाती पॅकेजात न ठेवता इमेजच्या पातळीवर ठेवणे बरे. योक्टोत त्यासाठी 'एक्स्ट्रायुजर्स' हा क्लास आहे. त्यात पासवर्ड हॅश करून (मूळ शब्द ओळखता येणार नाही अशा रूपात) देतात, पण एकाच इमेजमधून निघालेल्या सर्व उपकरणांवर तो एकच राहतो. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून जोडणीक्षम ग्राहकोपयोगी उपकरणांवर असा सामाईक मूळ पासवर्ड देण्यास कायद्याने मनाई आहे, म्हणून तो उपकरणागणिक वेगळा ठेवण्याचे काम इमेजबाहेर, कारखान्यात किंवा पहिल्यांदा चालू करताना उरकावे लागते.