पार्श्वभूमी : ट्रिप-हॉपची पाटी आणि नव्वदीतली कॉम्पिलेशन्स

‘ट्रिप-हॉप’ हा संगीतप्रकाराचं नाव असलेला शब्द पहिल्यांदा छापून आला तो जून १९९४मध्ये. ब्रिटनमधल्या नृत्यसंगीताच्या एका मासिकात एका पत्रकाराने तो वापरला. गंमत अशी की, ज्या तबकडीबद्दल तो लिहीत होता तिचा ब्रिस्टल शहराशी काही संबंध नव्हता. ‘इन/फ्लक्स’ नावाची ती बारा मिनिटांची रचना कॅलिफोर्नियातल्या, नुकतीच विशी ओलांडलेल्या एका डीजेने बांधली होती आणि १९९३मध्ये लंडनच्या ‘मो वॅक्स’ या छोट्या लेबलने, म्हणजे तबकड्या काढणाऱ्या कंपनीने, ती काढली होती. तिच्यात रॅपर नाही, गायिका नाही. जुन्या तबकड्यांतून उचललेले ड्रम्स, तंतुवाद्यं, कुणाकुणाच्या बोलण्याचे तुकडे; मध्येच लय ढेपाळते, पुन्हा उभी राहते. आज मात्र कुणालाही विचारा, ट्रिप-हॉप म्हटलं की उत्तर एकच येतं : ब्रिस्टल. पाटी लागली एका दुकानावर आणि गिऱ्हाईक शिरलं दुसऱ्याच दुकानात. असं का झालं हे कळायचं तर वादकांपेक्षा त्या काळच्या कॉम्पिलेशन अल्बमांकडे, म्हणजे अनेकांच्या रचना एकत्र बांधलेल्या संकलनांकडे, बघणं जास्त उपयोगाचं.

आधी शब्दाचं बघू, कारण सगळा गुंता तिथेच आहे. आपल्याकडे ट्रिप म्हणजे डबा आणि पाण्याची बाटली घेऊन निघालेली शाळेची सहल. त्या मासिकातली ट्रिप नशेची होती, म्हणजे शरीर जागेवर आणि मन भलतीकडे. पत्रकाराला म्हणायचं होतं ते एवढंच की, हे हिप-हॉपच आहे, फक्त बोलणारा माणूस काढून घेतलाय आणि त्याच्या जागी ऐकणाऱ्याच्या डोक्यात फिरायला मोकळी जागा ठेवलीय. त्या मूळ अर्थात शब्द अगदी चपखल होता. पण दोनच महिन्यांनी, ऑगस्ट १९९४मध्ये, ब्रिस्टलच्या पोर्टिसहेड या बँडचा ‘डमी’ हा अल्बम आला. संथ ठेका, धूसर आवाज, मुद्दाम ठेवलेली जुन्या रेकॉर्डची खरखर आणि त्यावर एका बाईचा काळीज पिळवटणारा आवाज. फेब्रुवारी १९९५मध्ये ब्रिस्टलच्याच ट्रिकीचा ‘मॅक्सिनक्वे’ आला. समीक्षकांच्या हाताशी नवाकोरा शब्द पडलेलाच होता, तो त्यांनी या दोन्हींना लावून टाकला. ‘डमी’ला १९९५मध्ये ब्रिटनमधलं वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं मानाचं पारितोषिक मिळालं आणि शब्द कायमचा चिकटला. मग तो मागेही सरकवला गेला. ब्रिस्टलच्याच मॅसिव्ह अटॅकचा ‘ब्लू लाइन्स’ एप्रिल १९९१चा, म्हणजे शब्दाहून तीन वर्षांनी थोरला, तरी आज तो ‘पहिला ट्रिप-हॉप अल्बम’ म्हणून सांगितला जातो. बारसं थोरल्याचं, तेही धाकट्याच्या नावाने.

यातून एकाच शब्दाचे दोन अर्थ तयार झाले. एक : गायनाशिवायचं, सॅम्पलवर म्हणजे जुन्या तबकड्यांतून उचललेल्या तुकड्यांवर उभं राहिलेलं, हेडफोनवर ऐकायचं हिप-हॉप. दोन : उदास, संथ, गायिकेच्या आवाजावर तोललेलं गाणं. पहिल्या अर्थाची मंडळी लंडनच्या छोट्या लेबलांभोवती होती, दुसऱ्या अर्थाची ब्रिस्टलला. ब्रिस्टलकरांपैकी बहुतेकांनी हा शब्द जाहीरपणे झिडकारला आणि त्यांचा राग बरोबरच होता. त्यांच्या संगीतामागे सेंट पॉल्ससारख्या वस्तीतल्या कॅरिबियन साउंड सिस्टीम (मोठे स्पीकर लावून तबकड्या वाजवणारे चमू) होत्या, रेगेचा बेस होता, पंकचा माज होता; यातलं काहीही त्या शब्दात दिसत नव्हतं. पण माझं मत विचाराल तर अन्याय जास्त झाला तो लंडनच्या बिनगायनाच्या मंडळींवर. शब्द त्यांच्यासाठी घडला होता, आणि चार वर्षांत तो उच्चारला की त्यांची आठवणही कुणाला येईनाशी झाली.

आता कॉम्पिलेशन्सकडे. हे संगीत मुळात निघायचं बारा इंची सिंगलवर. थोड्याच प्रती, डीजेंच्या पिशवीसाठी. घरी टर्नटेबल नसलेल्या माणसाला त्याचा उपयोग शून्य. या लोकांपैकी फार थोड्यांकडे पूर्ण अल्बम भरेल एवढा माल होता. एकेकाच्या नावावर दोन-तीन चांगल्या रचना आणि संपलं. सीडीवर मात्र ७४ मिनिटं मावायची. दहा-बारा जणांच्या रचना एकत्र बांधणं हा हिशोब आपोआपच जुळत होता. त्याआधी, जानेवारी १९८९मध्ये, ब्रिटनच्या अल्बम-क्रमवारीतून अनेक कलाकारांची कॉम्पिलेशन्स बाहेर काढून त्यांची वेगळी यादी सुरू केली गेली होती. हिट गाण्यांच्या जाडजूड संकलनांनी मूळ यादीतली वरची जागा अडवू नये म्हणून ही तजवीज. त्यामुळे कॉम्पिलेशनला दुकानात स्वतःचं कपाट, स्वतःची स्पर्धा मिळाली. छोट्या लेबलांना अर्थात यादीशी देणंघेणं नव्हतं, पण कॉम्पिलेशन ही घेण्याजोगी वस्तू आहे ही सवय गिऱ्हाइकाला लागली ती त्या काळात.

१९९४चं ‘हेड्झ’ हे या सगळ्यातलं कळीचं संकलन. ‘मो वॅक्स’नेच काढलेलं, दोन सीडींचं. ‘इन/फ्लक्स’ त्यात होतंच. शेजारी लीड्सचे नाइटमेअर्स ऑन वॅक्स, पॅरिसची ला फंक मॉब, आणि चक्क ऑटेकर, ज्यांना एरवी लोक इलेक्ट्रॉनिकाच्या कप्प्यात ठेवतात. एका पिशवीत असे लोक टाकल्यावर ऐकणाऱ्याला पहिल्यांदा वाटलं की अरे, ही एकच गोष्ट दिसतेय. वेगवेगळ्या शहरांतल्या, एकमेकांना न भेटलेल्या माणसांचा ‘प्रकार’ असा तयार होतो. उपशीर्षकात शब्द होते ‘एक्स्पेरिमेंटल बीटहेड जॅम्स’. ट्रिप-हॉप नव्हे. ज्या लेबलच्या तबकडीवरून शब्द निघाला त्या लेबलने तो आपल्या सर्वांत महत्त्वाच्या संकलनाच्या नावात घेतला नाही. १९९६मध्ये ‘हेड्झ २’ आलं, दोन भागांत, प्रत्येक भाग दोन सीडींचा. तोवर इतरांनी मात्र तो शब्द वेष्टनावर ठळक छापायला सुरुवात केली होती. अमेरिकेत ‘द ट्रिप हॉप टेस्ट’ नावाचं संकलन निघालं आणि ‘धिस एन्ट ट्रिप हॉप?’ नावाचंही, प्रश्नचिन्हासकट. शब्द नाकारायचा असला तरी विकायला तोच लागत होता.

दुसऱ्या बाजूला ‘निंजा ट्यून’. १९९०मध्ये दोन डीजेंनी सुरू केलेलं लंडनचं लेबल. त्यांची संकलनं जास्त खेळकर, कमी गंभीर. पण या दोघांचं खरं काम दिसतं ते १९९५च्या ‘सेव्हंटी मिनिट्स ऑफ मॅडनेस’मध्ये. हे दुसऱ्या एका मालिकेसाठी केलेलं मिक्स, म्हणजे रचना सुट्या नाहीत, एकात एक विणलेल्या. ब्रिटिश टीव्हीवरच्या ‘डॉक्टर हू’चं शीर्षकसंगीत, जुनं हिप-हॉप, ड्रम अँड बेस, पंकवाल्याचं उपहासाचं भाषण, सगळं एका दमात. संथ आणि वेगवान एकाच तबकडीत नांदू शकतात हे त्याने दाखवलं. पुढच्या मिक्स सीडींनी ती नक्कल मन लावून केली, बहुतेकांची फसली.

‘ब्रेकबीट’ या शब्दाचा घोळ निराळा आणि जुना. ब्रॉन्क्समध्ये १९७३पासून डीजे गाण्यातला ड्रमचा उघडा तुकडा, म्हणजे ‘ब्रेक’, दोन तबकड्यांवर आळीपाळीने लांबवत होते, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. त्या तुकड्यांची दुर्मिळ गाणी गोळा करून १९८६ ते १९९१ दरम्यान न्यूयॉर्कमध्ये ‘अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स’चे २५ भाग निघाले. हीसुद्धा ब्रेकबीट कॉम्पिलेशन्सच. पण ती म्हणजे दुकानातलं पीठ, इतरांनी गाणी बांधायचा कच्चा माल. नव्वदीच्या उत्तरार्धात ज्या सीडींवर ‘ब्रेकबीट’ छापलेलं असायचं ती ताटातली भाकरी. नाव एक, वस्तू दोन. ऐकायला म्हणून पिठाचा डबा घरी आणणारे तेव्हाही होते.

पिठाचा एक नमुना जवळून बघण्यासारखा आहे. ‘आमेन, ब्रदर’ हे १९६९मधल्या वॉशिंग्टनच्या एका सोल बँडचं गाणं, तेही सिंगलच्या मागच्या बाजूचं. दीड मिनिट होत आलं की बाकी सगळे थांबतात आणि ड्रमर एकटा चार आवर्तनं वाजवतो. जेमतेम सहा-सात सेकंद. पहिली दोन आवर्तनं सरळ. तिसऱ्यात स्नेअरचा एक ठोका किंचित उशिरा पडतो. चौथ्यात तर पहिला ठोकाच नाही, सम रिकामी सोडलेली, आणि झांज अपेक्षेच्या आधी कोसळते. तबल्याच्या बैठकीत अशा जागेला माना डोलतात. ‘अल्टिमेट ब्रेक्स’च्या पहिल्याच भागातून हा तुकडा जगभर गेला. हिप-हॉपवाल्यांनी तो संथ केला, ‘जंगल’ नावाचं वेगवान नृत्यसंगीत करणाऱ्यांनी मिनिटाला १६० ठोक्यांच्या पुढे पळवून चिरला. वाजवणाऱ्या ड्रमरला यातून काही मिळालं नाही. २००६मध्ये तो बेघर अवस्थेत गेला. २०१५मध्ये ब्रिटनमधल्या डीजेंनी लोकवर्गणीतून २४,००० पौंड जमवले, ते बँडच्या म्होरक्याच्या हाती पडले.

हक्कांचा प्रश्न नव्वदीतही होताच. डिसेंबर १९९१मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने परवानगीविना सॅम्पल वापरणाऱ्या रॅपरविरुद्ध निकाल दिला, आणि निकालाची सुरुवातच ‘चोरी करू नकोस’ या बायबलमधल्या आज्ञेने केली. मोठ्या अमेरिकन कंपन्या धास्तावल्या. दहा-वीस सॅम्पल रचून गाणं बांधणं परवडेनासं झालं. लंडनच्या छोट्या लेबलांवर मात्र कुणाची नजर नव्हती. ओळखूही न येणारी तबकडी शोधायची, तिचा कण घ्यायचा, थोड्याच प्रती काढायच्या. अमेरिकेत आखडलेली कला इंग्लंडमध्ये फोफावली, त्यात या निकालाचा वाटा आहे असं मला वाटतं.

ब्रेकबीटच्या वेगवान शाखेची गोष्ट थोडक्यात सांगता येते. १९९४मध्ये लंडनमधल्या एका पबच्या तळघरात रविवारी संध्याकाळी दोन तरुण डीजे हिप-हॉपचे ब्रेक्स, अ‍ॅसिड हाउस आणि बीटल्स एकत्र वाजवू लागले. तिथल्या गर्दीतून ‘बिग बीट’ निघालं, मिनिटाला साधारण ११० ते १३० ठोक्यांचं. १९९६मध्ये त्या रविवारांची आठवण सांगणारी मिक्स सीडी आली, त्याच वर्षी ब्राइटनचं एक लेबलही अशी संकलनं काढू लागलं. ‘गिव्ह एम इनफ डोप’ नावाचं १९९४चं संकलन ऐकलं तर संथ आणि वेगवान या दोन्ही शाखा अजून एका फांदीवर दिसतात. दोन वर्षांत त्या फुटल्या : एक सोफ्यावर गेली, दुसरी जाहिरातींमध्ये.

आपल्याशी थेट नातं असलेली संकलनं १९९७ची. लंडनच्या हॉक्स्टन स्क्वेअरमधल्या ब्लू नोट क्लबात सोमवारी ‘अनोखा’ नावाची रात्र भरायची. तिच्या नावाने तबला आणि ब्रेकबीट एकत्र आणणारं संकलन निघालं. त्याच वर्षी ‘आउटकास्ट’ लेबलचं ‘अनटचेबल आउटकास्ट बीट्स’ आलं. ‘अनटचेबल’ म्हणजे अस्पृश्य, पण इंग्रजीत ही कोटी आहे : ज्याला कुणी हात लावू शकत नाही, म्हणजे अजिंक्य. मुंबई-पुण्यात हे नाव वाचणाऱ्याला मात्र कोटी लागण्याआधी महाडचं तळं आठवतं. परदेशात वाढलेल्या पोरांनी शिवी उलटवून बिल्ला केला, असं समर्थन करता येईल. ज्यांच्या वाट्याला ती शिवी खरोखर आली त्यांना कुणी विचारलं होतं असं काही त्या वेष्टनावरून दिसत नाही. या संगीताला लागलेली ‘एशियन अंडरग्राउंड’ ही पाटीसुद्धा पुढे त्यातल्या अनेकांना नकोशी झाली, ट्रिप-हॉपसारखीच.

दशकाच्या शेवटी सूत्रं इंग्लंडबाहेर गेली. व्हिएन्नाच्या दोन डीजेंनी १९९६मध्ये बर्लिनच्या ‘डीजे-किक्स’ मालिकेसाठी केलेलं मिक्स आणि १९९८चा त्यांचा रिमिक्सचा दुहेरी संच, हे त्या संथ शाखेचं शेवटचं मोठं काम. १९९९मध्ये पॅरिसच्या एका बारच्या आणि एका हॉटेलच्या नावाने संकलनं सुरू झाली. तोच ठेका, पण कडा घासून गुळगुळीत केलेला, जेवताना बोलण्यात अडथळा येऊ नये असा.

यातली कित्येक कॉम्पिलेशन्स आज स्ट्रीमिंगवर सापडत नाहीत. प्रत्येक रचनेचा परवाना त्या एका आवृत्तीपुरता, ठरावीक मुदतीसाठी घेतलेला असायचा. लेबलं बुडाली, विकली गेली, नूतनीकरण कुणी केलं नाही. मग रसिक जुन्या सीडीच्या मागची यादी बघून त्याच क्रमाने प्लेलिस्ट बनवतात. बारापैकी आठ सापडतात, एखाद्या ठिकाणी भलतीच आवृत्ती मिळते, आणि उरलेल्या ओळी करड्या पडून राहतात.