हुलग्याचं सालपट आणि जबड्यातली गाठ

आमच्या आत्याची खालची दाढ काढून दीड वर्ष उलटलं होतं. जखम भरली, कडक भाकरी आणि शेंगाचटणी परत सुरू झाली. मग त्याच जागी हिरडीखाली गाठ हाताला लागली. ठणका नाही, ताप नाही. गोळ्या घेतल्या की सूज उतरायची आणि पंधरा दिवसांत परत यायची. शेवटी सोलापुरातल्या दाताच्या डॉक्टरांनी गाठ खरवडून काढली आणि तुकडा तपासणीला पाठवला. रिपोर्टमध्ये होते डाळीसारख्या कडधान्याचे अवशेष. आमच्याकडे हुलग्याचं माडगं नेहमीचं. आत्याला पटेना. "अगं, एवढ्याशा सालपटानं?"

या गाठीला पल्स ग्रॅन्युलोमा म्हणतात. इथे पल्स म्हणजे नाडी नव्हे, कडधान्य. दाढ काढल्यावर हाडात खड्डा उरतो. त्यात अन्नकण गेला आणि वरून हिरडी भरून आली की तो आतच राहतो. किडलेल्या दाढेच्या भोकातून किंवा कवळी काचून झालेल्या जखमेतूनही तो आत शिरू शकतो.

पुढचं काम भक्षक पेशींचं. 1882 साली इटलीतल्या मेसिना इथे रशियन प्राणीशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे टोचले. सकाळी पाहिलं तर काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या. पेशी परक्या वस्तूवर चालून जातात आणि तिला गिळू पाहतात, हे त्यांनी ओळखलं. या कामासाठी त्यांना 1908 मध्ये नोबेल मिळालं.

पण सालपट गिळून पचत नाही. दाण्यातला स्टार्च शरीर हळूहळू विरघळवतं. मागे राहतं ते सेल्युलोज, म्हणजे वनस्पतींच्या पेशींच्या भिंतीतला चिवट पदार्थ. गाय कडबा खाऊन जगते, कारण तिच्या पोटातले जंतू सेल्युलोज तोडतात. आपल्या पेशींकडे ते तोडणारं विकर (एन्झाइम) नाहीच. मग भक्षक पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांची एकच मोठी पेशी बनते, भोवती तंतूंची भिंत उभी राहते आणि सूज धुमसत राहते. तिच्या रासायनिक संदेशांनी शेजारचं हाड झिजू लागतं. हे सगळं इतकं सावकाश चालतं की दाढेचा आणि गाठीचा संबंध कुणाच्या मनातही येत नाही.

आमच्या चादरींचं सूतही सेल्युलोजच. म्हणून लवंगतेलाचा कापसाचा बोळा किडलेल्या दाढेत कोंबून आठवडेच्या आठवडे ठेवतात, ते पाहून मला काळजी वाटते. रूट कॅनाल कोरडा करायच्या कागदी वातीचा तंतू मुळाच्या टोकापलीकडे गेला, तरी अशीच गाठ होऊ शकते.

एक्स-रेमध्ये सालपट दिसत नाही, दिसतो फक्त हाड झिजल्याचा काळा डाग. खरा पुरावा सूक्ष्मदर्शकाखाली. रंगवलेल्या काचपट्टीवर नागमोडी गुलाबी कडी दिसतात, भोवती त्या मोठ्या पेशी. आणि ध्रुवित प्रकाश, म्हणजे एकाच दिशेनं कंप पावणारा प्रकाश, सोडला की अंधारात सेल्युलोजचे तुकडे चकाकतात. अँटिबायोटिकनं जंतू मरतात, सालपट जागेवरच राहतं. ते पूर्ण खरवडून काढलं तर गाठ सहसा परत येत नाही.

मात्र तोंडातला कॅन्सरही सुरुवातीला अनेकदा असाच न दुखणारा असतो. दोन-तीन आठवडे टिकलेली गाठ डॉक्टरांना दाखवायलाच हवी, आणि ती कसली हे तुकडा तपासूनच नक्की कळतं. आत्याला मिश्रीची सवय होती. रिपोर्ट येईपर्यंतचे आठ दिवस आमच्या घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.