बाप राजा, पण आई कोण? यॉर्कच्या आर्चबिशपचं कोडं

कुणाच्या जन्माबद्दल कुजबुज असली की संशय सहसा बापावर असतो, पण यॉर्कचा आर्चबिशप जेफ्री याचं प्रकरण उलटं आहे. बाप इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री, त्याने पोराला उघडपणे आपलं म्हटलं, ११८१ मध्ये चान्सलर, म्हणजे राजाच्या दप्तराचा प्रमुख, पण केलं. आईचा पत्ता मात्र आठशे वर्षं झाली तरी पक्का नाही.

तिचं नाव देतो वॉल्टर मॅप, हेन्रीच्याच दरबारातला माणूस. त्याच्या म्हणण्यानुसार ती यकेनाई नावाची बाजारबसवी, तिने पोर राजाच्या गळ्यात मारलं आणि राजानेही ते मुकाट मान्य केलं. आता मॅपचं जेफ्रीशी चांगलंच वाकडं होतं, त्यामुळे नाव घ्यावं आणि शिवी सोडून द्यावी असं मला तरी वाटतं.

नंतरच्या लोकांना ही आई काही पचली नाही, त्यांनी हेन्रीची गाजलेली प्रेयसी रोझामंड क्लिफर्ड हिलाच जेफ्रीची आई करून टाकलं. इथे साधा वयाचा हिशोब कामाला येतो. ११७३ मध्ये लिंकनचा बिशप म्हणून निवड झाली तेव्हा जेफ्री जेमतेम विशीचा होता असं त्याच काळातला लेखक जेराल्ड ऑफ वेल्स लिहितो, म्हणजे जन्म ११५३च्या आसपासचा, आणि रोझामंडचं प्रकरण उघड झालं ते ११७०च्या दशकात, तेव्हा जेफ्रीच्या जन्मावेळी ती स्वतःच लहान पोर असणार. विषय संपला.

मग डीएनए करा की, असं कुणीही म्हणेल. आईकडून मुलांकडे जाणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए असतो, लेस्टरला २०१२ मध्ये सापडलेली हाडं इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याची हे ठरवताना तोच वापरला, पण तिथे रिचर्डच्या बहिणीपासून लेकीकडून लेकीकडे उतरत आलेले आजचे वंशज हाताशी होते. जेफ्रीच्या आईच्या बाजूचं कुणी माहीतच नाही तर नमुना जुळवणार कशाशी?

म्हणून पुन्हा कागदच. कागद काय करू शकतो ते बघा: हेन्रीचा आणखी एक अनौरस मुलगा विल्यम लॉन्गेस्पे, यालाही रोझामंडच चिकटवली होती, पण ब्रॅडनस्टोक मठाला दिलेल्या दानपत्रात तो सरळ ‘काउंटेस इडा, माझी आई’ म्हणतो. वर १२१४च्या बुव्हीनच्या लढाईत पकडलेल्या कैद्यांच्या यादीत राल्फ बिगॉड हा विल्यमचा भाऊ म्हणून नोंदलाय, आणि इडा ही नॉरफोकचा अर्ल रॉजर बिगॉड याची बायको (अर्लची बायको ती काउंटेस), म्हणजे दोन वेगळ्या ठिकाणचे कागद एकाच बाईकडे बोट दाखवतात.

जेफ्रीलाही पीटर नावाचा भाऊ होता, त्याला यॉर्कचा डीन, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चच्या पाद्र्यांचा प्रमुख, करायची जेफ्रीने बरीच खटपट केली. या पीटरला राजाचा मुलगा कुणीच म्हणत नाही, त्यामुळे तो आईकडूनच भाऊ असावा. त्याच्या बापाचं नाव एखाद्या सनदेत मिळालं तर यकेनाईचं घर सापडू शकतं, पण तसा कागद अजून हाती लागलेला नाही.