कॅव्हेंडिश प्रयोगशाळा हेन्रींनी काढलेली नाही

गेल्या महिन्यात एका विज्ञान प्रदर्शनात फलक पाहिला. लांब कोट, तिकोनी टोपी घातलेले हेन्री कॅव्हेंडिश आणि खाली ओळ: 'केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे संस्थापक'. हीच ओळ मी स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये वाचली आहे, प्रश्नमंजुषेत बरोबर उत्तर म्हणून ऐकली आहे. हेन्री वारले १८१० साली आणि प्रयोगशाळा उघडली १८७४ साली. मधली ६४ वर्षं कुणाला खटकत नाहीत, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. ज्या माणसानं पदरचे पैसे घालून ती इमारत उभी केली, त्याचं नाव या एका ओळीनं पुसलं जातं.

हेन्री तुम्हाला शाळेपासून माहीत आहेत. १७६६ साली हायड्रोजनवरचं काम, पुढे पाण्याचे घटक, आणि १७९८ साली प्रसिद्ध झालेला शिशाच्या गोळ्यांचा प्रयोग. त्या प्रयोगात त्यांनी गुरुत्व स्थिरांक (गुरुत्वाकर्षणाच्या सूत्रातला ठरावीक आकडा) मोजला असं सर्रास लिहितात, तेही चूक. त्यांनी काढली ती पृथ्वीची घनता, पाण्याच्या ५.४८ पट. स्थिरांकाचं गणित नंतरच्या लोकांनी त्या आकड्यांवरून मांडलं.

केळ्याचंही उरकून टाकतो, कारण तेही कुणीतरी हेन्रींच्या खात्यावर टाकतंच. जळगावकडची बसराई आणि ग्रँड नैन या कॅव्हेंडिश गटातल्या जाती. त्या गटाला नाव मिळालं ते कॅव्हेंडिश घराण्यातल्याच, डेव्हनशरच्या सहाव्या ड्यूकवरून (ड्यूक म्हणजे इंग्लंडमधला बडा सरदार). त्यांच्या चॅट्सवर्थच्या काचघरात जोसेफ पॅक्स्टन या माळ्यानं ती केळ वाढवली होती.

प्रयोगशाळेचे खरे दाते म्हणजे त्यानंतरचे, सातवे ड्यूक, विल्यम कॅव्हेंडिश. जन्म १८०८ चा, म्हणजे हेन्री गेले तेव्हा हे दोन वर्षांचेही नव्हते. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातून १८२९ साली ते सेकंड रँग्लर झाले. रँग्लर परांजप्यांमुळे हा शब्द आपल्याकडे घरचाच आहे: गणिताच्या त्या अवघड परीक्षेत पहिल्या वर्गात येणारा तो रँग्लर, आणि विल्यम त्या यादीत दुसरे होते. १८५८ साली ड्यूकपद मिळालं तेव्हा जमिनींबरोबर आधीच्या ड्यूकचं भलंमोठं कर्जही वाट्याला आलं. बॅरो-इन-फर्नेस इथलं लोखंड, रेल्वे, पोलाद, गोद्या यांत त्यांनी पैसा घातला. १८६१ पासून मरेपर्यंत, म्हणजे १८९१ पर्यंत, ते केंब्रिजचे कुलपती होते.

गोंधळ होतो तो नेमका इथे. दोघंही श्रीमंत, दोघंही एकाच घराण्यातले, दोघांचाही पैसा विज्ञानावर खर्च झाला. पण हेन्रींनी तो स्वतःच्या विज्ञानावर केला. घरातच उपकरणं मांडली, स्वतः मोजमापं घेतली, पुष्कळसं लिहून ठेवलं आणि छापलं थोडंच. विद्यार्थी नाहीत, संस्था नाही. विल्यम यांनी प्रयोग केले नाहीत. त्यांनी दुसऱ्यांच्या प्रयोगांची सोय केली. विज्ञानाचा आश्रयदाता म्हणतात तो हा. संशोधक आणि आश्रयदाता यांना एकाच खुर्चीत बसवलं की दोघांचंही काम कळेनासं होतं.

ती सोय कशी झाली हे बघण्यासारखं आहे. प्रायोगिक भौतिकशास्त्र शिकवायला जागा हवी, असा अहवाल विद्यापीठाच्या समितीनं १८६९ साली दिला. इमारत आणि उपकरणांचा अंदाज होता ६,३०० पौंड. पैसे कुणी द्यायचे यावर घोडं अडलं. १० ऑक्टोबर १८७० रोजी कुलपतींनी कुलगुरूंना पत्र लिहिलं: अहवालातला ६,३०० पौंडांचा आकडा पाहिला, तो खर्च मी देतो, मात्र विषय शिकवण्याची बाकीची व्यवस्था विद्यापीठानं आधी पक्की करावी. मला ती अट फार महत्त्वाची वाटते. नुसती इमारत देऊन मोकळं होणारा हा दाता नव्हता. व्यवस्था झाली, १८७१ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल पहिले प्राध्यापक म्हणून आले, आणि तीन वर्षांनी फ्री स्कूल लेनमधली प्रयोगशाळा सुरू झाली. पुढे आपल्या मुंबईचे होमी भाभा शिकले ते याच संस्थेत.

'पण पैसा मुळात हेन्रींचाच ना?' असं कुणी म्हणतं. हेन्रींच्या संपत्तीचा मोठा वाटा लॉर्ड जॉर्ज कॅव्हेंडिश यांच्याकडे गेला आणि ते विल्यम यांचे आजोबा, हे खरं. पण वारसा मिळणं वेगळं आणि साठ वर्षांनी पत्र लिहून खर्च उचलणं वेगळं. नावात हेन्रींचाही मान आहे, ते मला मान्यच आहे. संस्थापक मात्र त्यांना म्हणू नका.

हेन्रींसाठी विल्यम यांनी आणखी एक काम केलं. विजेवरच्या प्रयोगांची हेन्रींची हस्तलिखितं घराण्याकडे पडून होती, ती त्यांनी मॅक्सवेलकडे सोपवली. मॅक्सवेल वाचत गेले तसं दिसलं की विद्युत बलाचा व्यस्त वर्गाचा नियम (अंतर दुप्पट झालं की बल एक चतुर्थांश) हेन्रींनी फ्रेंच शास्त्रज्ञ कूलोमच्या आधीच प्रयोगानं पडताळला होता, आणि कोणत्या द्रावणातून वीज किती सहज वाहते हे स्वतःच्या अंगाला झटके घेऊन ठरवलं होतं. तेच प्रयोग विल्यम यांच्या पैशानं बांधलेल्या खोल्यांत पुन्हा करून पाहिले गेले आणि १८७९ साली सगळं छापून आलं.